काकडीच्या बरणीत

मंगळवारी सकाळी निऑन माशांच्या अंगावर
मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले.
बोहुमीरने चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं,
आणि चहा तसाच टाकून
औषधाची निळी बाटली शोधायला गेला.

बाटलीत तांबं आहे.
तांब्याने मासे बरे होतात
आणि कोळंब्या मरतात.
हे बाटलीवर अगदी बारीक अक्षरांत लिहिलंय.

"म्हणजे ज्यांना काहीच झालं नाही
त्यांनी घर सोडायचं?"
"तात्पुरतं," तो म्हणाला.

मी गप्प बसले.
हा शब्द मी आठ वर्षांची असताना ऐकलाय.
आमच्या गल्लीखाली कोळसा निघाला, तेव्हा
एक कारकून दारोदार हेच सांगत आला होता.
आईने पडद्यांच्या दांड्यासुद्धा सुतळीने बांधून घेतल्या,
परत आल्यावर लावायला.
आता तिथे तळं आहे.
उन्हाळ्यात लित्वीनोवची पोरं तिथे पोहायला जातात,
मी काठावर बसते, चपला न काढता.

तर बरणी.
पाच लिटरची, आंबवलेल्या काकड्यांची.
तीनदा गरम पाण्याने धुतली
तरी शेपूचा वास काही जाईना.
"साबण लावू नकोस!" बोहुमीर आतून ओरडला.
चाळीस वर्षांच्या संसारात
इतका मोठा आवाज त्याने कधी केला नव्हता.

शेवाळाचा एक पुंजका, स्पंजाचा तुकडा,
हवेची नळी.
दुसऱ्या नळीला गाठ मारून
नवं पाणी थेंब थेंब सोडायचं,
सेकंदाला दोन, जास्त नाही.
पाणी एकदम बदललं की त्या कोसळतात म्हणे.
आम्हाला ट्रकमधून एका दुपारीत आणलं होतं.

गोगलगायींचं सोपं होतं,
त्यांचं बिऱ्हाड पाठीवरच.
चमच्याने उचलल्या.
कोळंब्या अकरा असायला हव्या होत्या.
जेवणापर्यंत नऊ सापडल्या.
दहावी लाकडाच्या ढोलीत, नुसत्या मिशा बाहेर;
पालकाचं पान दाखवून तिला फसवलं.
अकरावीसाठी तो रात्री दहापर्यंत
टॉर्च धरून गुडघ्यांवर बसला होता.

मग म्हणाला, मासे थांबणार नाहीत.
गाळणीतली कोळशाची पिशवी काढून ठेवली,
कोळसा औषध पिऊन टाकतो.
त्याचा हात थरथरतो हल्ली,
म्हणून थेंब मी मोजले.
एकतीस.
एकतिसावा पडताना मी तिच्याबद्दल विचार केला नाही,
हे खरं नाही.

गुरुवारी रूझेना काकड्या मागायला आली.
बरणीकडे बघून म्हणाली,
"याही आंबवणार का?"
बोहुमीर तिच्याशी शनिवारपर्यंत बोलला नाही.

दोन निऑन गेले.
बाल्कनीत, जिरेनियमच्या कुंडीत पुरले.
बाकीच्यांचे ठिपके सहाव्या दिवशी विरले,
पण औषध चालूच ठेवायचं,
ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं.
आणि बरणीत? पाण्याबरोबर तिथेही आला असेल की तो.
"आला असेल," बोहुमीर म्हणाला,
"पण मासा नाही तिथे उपाशी मरतो."

दोन आठवड्यांनी कोळसा परत घातला.
तो आता तांबं ओढून घेईल.
कोळशाने कुणाचं पाणी निवळून दिलेलं
मी या वयात पहिल्यांदा पाहतेय.
रोज संध्याकाळी बोहुमीर काचेच्या नळीत रंग तपासतो
आणि मान हलवतो.
तांबं खडीत मुरतं, काचेच्या सांध्यांत मुरतं.
"अजून थोडे दिवस."

त्या दहाव्या मिशीवालीने
पोटाखाली हिरवट अंडी धरलीत.
पाय हलवून त्यांना दिवसभर वारा घालत असते.
मार्चचं ऊन थेट बरणीवर येतं,
काच हिरवी पडायला लागली.

आज माळ्यावरून आईची एक दांडी काढली.
सुतळी इतकी कडक झाली होती की कात्रीच लागली.
या खिडकीला ती वीतभर लांब होती.
बोहुमीरने करवत आणली, माझ्याकडे पाहिलं.
काप, मी म्हटलं.